अर्धं राहिलेलं

"हे अर्धंच राहिलंय बघ," आबाजी भिंतीकडं बघत म्हणाले. "दुकानदारानं तसंच गळ्यात मारलं तुमच्या."

अश्लेषानं सासऱ्यांपुढं चहा ठेवला. काटेवाडीतल्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये ते चित्र लागून महिना झाला होता, तरी आबांचं म्हणणं काही बदलत नव्हतं. चित्र म्हणजे मोठा पांढुरका कॅनव्हास. खाली राखाडी रंगाचा रुंद पट्टा, त्याच्या वर विटकरी रंगाची एक बारीक रेघ. बाकी सगळं मोकळं.

ते मोकळंच तर तिला हवं होतं. दिवसभर ट्रॅक्टर, गोठा, कुकरच्या शिट्ट्या, फोनवर ओरडून बोलणारे पुरुष. या घरात नजर टेकवायला एखादी शांत जागा असावी म्हणून तिनं ते काढलं होतं. हो, तिनंच. वरच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांच्या आड, दुपारी सगळे रानात गेले की थोडं थोडं. घरात मात्र पुण्याहून मागवलं म्हणून सांगितलं.

खोटं बोलायला कारण होतं. बारामतीत लोकांची घरं सजवून देणाऱ्या सोनमला अशीच चित्रं हवी होती, तीही नियमितपणे. तेवढं काम अंगावर घ्यायचं तर वरची खोली हवी, दुपारची सवड हवी आणि घरच्यांचा होकार हवा. आधी चित्र आवडू दे, मग कुणी काढलं ते सांगू, असा तिचा बेत.

आवडायचं राहिलं बाजूला. शेजारच्या तात्यांनी विचारलं, रंग संपला व्हता का काय? नवरा, अविराज, येईल त्याला सांगायचा, मी तर पळणारे सात घोडे आणा म्हणत होतो. आता बोला. सासूबाई, दगडाबाई, तेवढ्या काहीच बोलल्या नाहीत. रोज सकाळी पदरानं चौकट पुसायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. आबांची थट्टा परवडली, पण सासूबाईंचं ते गप्प राहणं अश्लेषाला फार लागायचं.

खंडेनवमीच्या सकाळी तिनं मन घट्ट केलं. सोनमला नाही म्हणून कळवायचं आणि विषय मिटवायचा. गेल्या वर्षीची, लग्नानंतरची पहिली खंडेनवमी तिला आठवत होती. ज्याचं त्याचं हत्यार पूजेला पाटावर मांडलं होतं. कोयते, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने, फवारणीचा पंप, अविराजचा लॅपटॉपसुद्धा. दगडाबाईंनी विचारलं होतं, "तुझं काय ठिवायचं?" आणि ती पटकन म्हणून गेली होती, "माझं काही नाही, आई." यंदाही तेच म्हणावं लागणार होतं.

तिचे ब्रश पोत्यांमागं बिस्किटाच्या डब्यात असायचे. ते माहेरी इंदापूरला नेऊन ठेवावेत म्हणून ती वर गेली. डबा रिकामा होता. तिनं पोती सरकवली, कोपरे धुंडाळले. कुणीतरी कचरा समजून फेकले असणार. आपणच घराबाहेर काढायला निघालो होतो, मग दुसऱ्यानं काढलं तर एवढं का लागावं, तिचं तिला कळेना. जिन्यातच थांबून तिनं मोबाईलवर सोनमसाठी लिहिलं, 'जमणार नाही.' पाठवणार तोच खालून आरतीची हाक आली.

पाटावर नेहमीचीच मांडामांड होती. कोयते, खुरपी, पाने, लॅपटॉप. आणि फवारणीच्या पंपाशेजारी तिचे ब्रश. स्वच्छ धुऊन ओळीनं ठेवलेले. प्रत्येकाच्या दांड्याला हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल.

"हे कुणाचं?" आबांनी विचारलं.

"सुनबाईचं हत्यार हाय," दगडाबाई म्हणाल्या. "ते चित्तर हिनंच काढलंय. धुणं मी वाळत घालते न्हवं? हिच्या ओढणीला त्योच रंग लागल्याला असतो."

अविराज बायकोकडं बघतच राहिला. अश्लेषानं पाटाकडं हात नेला, तसा दगडाबाईंनी तो धरला.

"आज हात लावायचा न्हाय. उद्या दसरा, उद्यापासनं उचल. अवी, वरची पोती खाली घे, हिला जागा कर."

अश्लेषानं मोबाईल काढला आणि लिहिलेलं पुसून टाकलं. आबा मात्र अजून भिंतीवरच्या चित्राकडं बघत होते. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात दगडाबाई त्यांच्याकडं वळल्या.

"आन तुमी, उठता बसता अर्धं राहिलं, अर्धं राहिलं म्हणायचं बंद करा. दिस उगवल्यापासनं पोरगी तुमचं समद्यांचं उरकती. पुरं करायला येळ कुठं दिला आपण तिला?"