शेंगोळ्यांची कृती

"मावशी, शेंगोळे कसे करता?" अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

गाडी झाडावर आदळली होती आणि मालनबाईंच्या गळ्यावर सीटबेल्टचा लाल वळ उठला होता. वरून एवढंच दिसत होतं.

"हुलग्याच्या पिठात लसूण, तिखट, मीठ घालायचं," त्या कॉटवर पडल्या पडल्या सांगू लागल्या.

शेजारी उभा असलेला नवरा वैतागला. "अहो मॅडम, काही नसेल तर घरी सोडा. स्वयंपाकाच्या गप्पा कसल्या मारताय?"

"पुढं सांगा, मावशी."

"पीठ घट्ट मळायचं, शेंगोळे वळायचे. मग पाण्याला उकळी आली की..." शेवटचे शब्द घोगरे आले. डॉक्टरीणबाई झटकन उठल्या.

"गळ्याला आतून सूज चढतेय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "म्हणूनच त्यांना बोलतं ठेवलं होतं. आवाज बदलला की कळतं. श्वास अडायच्या आत नळी घालू."

काही दिवसांनी नळी निघाली. डॉक्टरीणबाई यायच्या आधीच नवरा कॉटपाशी वाकला.

"मालन, पाण्याला उकळी आली. पुढं काय?"

"एकेक सोडायचा," मालनबाई बसलेल्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्यासारखी घाई करायची नाही."