घासलेला दिवा

व्हर्नाने कोठाराचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली. देवमाशाच्या तेलाचा तो जुना पितळी दिवा टेबलावर लखलखत होता. कालपर्यंत तो काळपट, जुन्या मधाच्या रंगाचा होता. तो रंग चढायला पावणेदोनशे वर्षं लागली होती.

शेजारी पॉलिशचा डबा उघडा. खुर्चीत तिचा नवरा, एल्ब्रिज, शांतपणे खिडकीबाहेर बघत बसला होता.

चाळीस वर्षं जुन्या दिव्यांचा धंदा केलेला माणूस. त्याच्या डोक्यावर, भिंतीला त्यानेच रंगवलेली पाटी अजून होती : ‘घासून आणलेला दिवा इथे घेतला जाणार नाही.’ घासला की जुना दिवा कवडीमोल होतो; या एका चुकीपायी त्याने पाद्रीसाहेबांच्या बायकोलाही दारातून परत पाठवलं होतं.

अंगणात गाडीचं दार वाजलं. रॉक्सॅन, त्यांची लेक, पोर्टलंडहून आली होती. बाबांना घरी ठेवायचं की वृद्धाश्रमात, हे आज ठरायचं होतं. सकाळपासून बिस्किटांचं पीठ मळताना व्हर्ना एवढंच म्हणत होती, ‘देवा, आजचा दिवस निभावून ने.’

एल्ब्रिजची नजर दिव्यावर गेली. तो ताडकन उठला.

“कुणी केलं हे?”

व्हर्नाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. “मी.”

“अगं, अक्कल गहाण ठेवलीस का? जन्मभर माझ्यासोबत राहून हेच शिकलीस? कातडी सोलून काढलीस त्याची!”

“चुकलं माझं. ओरड हवा तेवढा.” आणि ती चक्क हसली. रागावलेला एल्ब्रिज अगदी पहिल्यासारखा दिसत होता.

रॉक्सॅन दारात येऊन उभी राहिली.

“ये, बघ तुझ्या आईचे प्रताप!”

तिने दिवा पाहिला. मग आईचे हात पाहिले. कोपरापर्यंत पीठच पीठ. मग बाबांचे.

“आई,” ती हळूच म्हणाली, “किती दिवस झाकत्येस तू हे?”

व्हर्ना हातांवरचं पीठ झटकू लागली. एल्ब्रिजचाच आवाज एकदम मवाळ झाला.

“जाऊ दे, रॉक्सॅन. तिला रागावू नकोस. वय झालंय गं तिचं,” असं म्हणत त्याने बायकोला जवळ घेतलं.

तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर, खांद्यापाशी, पाच काळी बोटं उमटली.