दोरी ओढायची कुणी?
लहान मुलांना गाडीत बांधून बसवायच्या खुर्च्या बनवणाऱ्या बड्या कंपनीत नवी पद्धत आली आणि जुळणीच्या सरकत्या लाइनवर बक्कलं लावणाऱ्या प्रत्येकीच्या डोक्यावर लाल दोरी लोंबू लागली. दोष दिसला की बेधडक ओढा, लाइन थांबेल, कुणी रागावणार नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. तरी कुणाची छाती झाली नव्हती. आज एका नव्या कामगार बाईने लावलेलं बक्कल नुसत्या हिसक्याने सुटलं. पुढचंही. “जाऊ दे गं, तू अजून कायम झालेली नाहीस,” शेजारीण पुटपुटली. तिला स्वतःची लेक आठवली. तिने दोरी ओढली. लाइन चालूच राहिली. मुकादम धावत आला. “अहो ताई, ती पाहुण्यांना दाखवायला टांगलीय! जोडलीय कुठे?” कुणीतरी फिस्सकन हसलं. तिने हात मागे बांधले. “मग मीच थांबते.” हसू विरलं. शेजारणीनेही हात आवरले. मग पलीकडचीनेही. बिनबक्कलाच्या खुर्च्या मुकादमाच्या अंगावर येऊ लागल्या.