धुतलेला डबा

डबा हातात द्यायचा, माणसाचं तोंड बघायचं आणि मगच निघायचं, असा ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावात एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच डबे देणाऱ्या जेवण मंडळाचा नियम होता. पण म्हातारा मर्विन एकदा बोलायला लागला की अर्धा तास सोडायचा नाही, आणि डबे वाटणाऱ्या ग्लेनिसला पुढे बारा घरं असायची. मग ती व्हरांड्यातल्या बर्फाच्या पेटीत डबा ठेवून, "मर्विन, आज मटण-बटाटा आहे हं!" अशी हाक मारून सटकायला लागली. दुसऱ्या दिवशी पेटीत रिकामा डबा असायचा. हल्ली तर चक्क धुतलेला.

"म्हातारा सुधारला बरं का," ती मंडळात हसून सांगायची.

आज दारापाशी वास आला. पोलिसांनी दार फोडलं.

"जाऊन आठ-दहा दिवस तरी झाले असतील," ते म्हणाले.

"काहीतरीच काय! रोज जेवत होता तो!" ग्लेनिस ओरडली.

शेजारची पंच्याऐंशी वर्षांची डोरीन कुंपणापाशी आली. तिच्या हातात कालचा डबा होता, स्वच्छ धुतलेला.

"तुमच्या यादीत माझा नंबर लागायला अजून आठ महिने आहेत गं," ती हळूच म्हणाली. "आजचा आणलायस ना?"