कोटिंग वाळेपर्यंत

"आधी हा ओरखडा काढा," ज्योती म्हणाली. "फिल्म मग लावा."

वीरेशनं वाकून डाव्या दारावरून अंगठा फिरवला. बीदरला उदगीर रोडवर त्याचं दुकान होतं आणि अशी गिऱ्हाइकं त्याला नवी नव्हती. पांढरी कोरी गाडी, एखादा ओरखडा आणि सोबत उतरलेला चेहरा.

"कुठं घासली, अक्का?"

"शाळेच्या गेटला. ह्यांना अजून ठाव न्हाई."

"काळजी करू नका. पॉलिशनं निघून जाईल. वरून फिल्म बसली की पुढं कुठं घासलं तरी रंगाला काही व्हायचं न्हाई. आरपार दिसती, लावलीय हे पण कळत न्हाई. आज रेटून लावतो. संध्याकाळी गाडी घेऊन जावा."

"संध्याकाळी?" ज्योती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "इतकी घाई कामून? ते दुसरं पण असतंय की. सिरॅमिक कोटिंग."

"ते करायचं तर गाडी इथंच ठेवावी लागंल. फिल्मवरून ते औषध फिरवायचं अन् वाळू द्यायचं. परवापर्यंत धूळ नको, पाणी नको. जागची हलवायची न्हाई."

"मग तेच करा."

वीरेशला नवल वाटलं. लोक गाडी लवकर पाहिजे म्हणून त्याच्या डोक्यावर बसायचे. ही बाई उशीर मागून घेत होती. ओरखड्याची खूणही नवऱ्याला दिसू नये म्हणून एवढी धडपड, असं त्यानं मनाशी धरलं आणि पाण्याचा पाइप उचलला.

ज्योती खुर्चीत बसली, उठली, रस्त्यापर्यंत गेली, परत आली. तिच्या मुठीत बटणाचा छोटा फोन होता. तो वाजला तशी ती दचकली.

फोन विलासचा होता, तिच्या नवऱ्याचा. कलबुर्गीला त्याची सिमेंटची एजन्सी होती आणि तो फक्त रविवारी घरी यायचा. त्याचा आवाज वीरेशलाही ऐकू आला.

"गाडी उदगीर रोडला कामून उभी हाय?"

"फिल्म लावायला आणलीय. तुमीच म्हणत होताव की."

"मला न विचारता? दुकानवाल्याला दे फोन."

वीरेशनं हात पुसून फोन घेतला. कुठली फिल्म, कोपरे कसे आत घ्यायचे, कोटिंग किती टिकतं, सगळं नीट सांगितलं. ओरखड्याचा विषय मात्र काढला नाही. हळूहळू विलासचा आवाज खाली आला.

"बीदरच्या लाल मातीनं रंगाची वाट लागायलीय, म्हणून मीच तिच्या मागं लागलो होतो. चांगली लावा. इथं बसून मला गाडी मोबाइलवर दिसत असती, बरं का. कुठं उभी, कुठं चालली, सगळं. बाई तिथंच बसलीय न्हवं?"

"व्हय, समोरच हायत."

"बसू द्या. संध्याकाळी आई येईल तिला न्यायला."

वीरेशनं फोन परत दिला. "लई जीव हाय साहेबांचा गाडीवर."

"व्हय," ज्योती म्हणाली. "मला गाडीशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकू देत न्हाईत. रिक्षा न्हाई, बस न्हाई."

"नशीबवान हाव, अक्का. माझी बायको भर उन्हात भाजी घेऊन चालत येती."

ज्योती हसली. ते हसू लगेच विझलं.

गाडी धुऊन झाली. पॉलिशचं मशीन घुमायला लागलं आणि दारावरचा ओरखडा फिका होत होत दिसेनासा झाला. आता तरी बाई निवांत होईल असं वीरेशला वाटलं, पण तिची येरझार थांबेना. साबणाचं पाणी मारून त्यानं बॉनेटवर फिल्म पसरली आणि रबरी पट्टीनं खालचं पाणी बाहेर लोटायला सुरुवात केली. ती शेजारी येऊन उभी राहिली.

"ह्या कामात बॅटरी काढावी लागती का?"

"बॅटरीचा काय संबंध? तिला हातपण लावत न्हाई."

"बरं." तिनं रस्त्याकडं पाहिलं. "पोरीची शाळा सुटायला आली. तिला घेऊन येते."

"गाडी तर ही अशी पडलीय. रिक्षा बोलवू?"

ती क्षणभर घुटमळली. "बोलवा."

"साहेबांना सांगत न्हाई," वीरेश हसत म्हणाला.

दुपारी पुन्हा विलासचा फोन आला, तेव्हा मंजुश्री आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. गणवेश घामानं पाठीला चिकटला होता. ज्योतीनं एका हातानं पोरीचा कान झाकला आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला.

"झालं का काम?"

"चालू हाय."

"आवाज कसला यायलाय?"

"मशीनचा. पॉलिश करायलेत."

"अजून पॉलिशच?"

"मागची बाजू राहिली होती."

"मंजू कुठाय?"

"माझ्याजवळच. झोपलीय."



"हां, दिसायलीय गाडी," तो म्हणाला. "सकाळपासून हलली न्हाई. आई निघालीच हाय. तोवर तूबी हलू नको."

"न्हाई. इथंच हाय मी."

तिनं फोन बंद केला. नखानं मागचं झाकण उचकटून सिम काढलं आणि ते तळहातावर घेऊन बसून राहिली.

"उदगीर! उदगीरवाले उतरून घ्या!" कंडक्टरनं बसच्या दारावर थाप मारली. ज्योतीनं सिम खिडकीबाहेर टाकलं, मंजुश्रीला जागं केलं, दोघींचे कपडे कोंबलेलं शाळेचं दप्तर खांद्याला अडकवलं आणि पुण्याची गाडी कुठं लागते ते विचारायला ती खाली उतरली.