लग्नाला न्यायचं पाकीट

“वाजव!” मांडवातून इंदुबाईनं हात हलवला.

खिडकीत उभ्या असलेल्या सुनेनं, समिधानं, घरातल्या फोनवरून नंबर फिरवला. इंदुबाईच्या हातातल्या मोत्यांच्या पर्समध्ये मोबाइल वाजला असणार. पण बाजूलाच बँडवाले हात साफ करून घेत होते. इंदुबाई पर्स कानाला लावून ढिम्म उभी.

“काय पन ऐकू येत न्हाय,” आत येऊन तिनं निकाल दिला. “दिसायला झकास हाय. पन ही दुसऱ्याच्या लग्नाला न्यायची. आपल्या न्हाय.”

आपलं लग्न म्हणजे लेकीचं, अंबिकाचं. मुहूर्त तोंडावर आला होता आणि अंबिकाचा भाऊ शिवा अजून समुद्रात होता. काल संध्याकाळी यायची बोट आली नव्हती. किनारा जवळ आल्याशिवाय त्याचा फोन लागणार नव्हता, आणि लागला की तो आईलाच करणार होता. नवरदेवाचा कान पिळायला चुलतभाऊ विठू तयार होता. पण अंबिका सकाळपासून एकच सांगत होती, “शिवादादाच पाहिजे.”

समिधा हसत होती खरी. पण तिची नजर राहून राहून सासूच्या मोबाइलवरच्या रेंजच्या काड्यांवर जात होती. शिवा तिचा नवरा होता.

“आई, ही बघा. बंदरावर नेता ती.” तिनं गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी पुढे केली.

“बंदरावर एक नंबर. हात मोकले राहतात. पन वाकलं की पुढे लोंबते. आज जावयाचे पाय धुवायचे हायत. परातीत बुडाला म्हंजे?”

मग इंदुबाईनं मोबाइल पोलक्यात खोचला, आवाज बंद करून थरथर चालू केली आणि पुन्हा बँडजवळ जाऊन उभी राहिली. समिधानं नंबर फिरवला. इंदुबाई “आई गं!” करून अशी उडाली की क्लॅरिनेटवाल्याचा सूर घसरला.

“कलतंय चांगलं,” ती हसतहसत परत आली. “पन काडायचा कसा? भटजीसमोर हात घालू?”

शेवटी तिनं खुंटीवरचं बाजारचं पाकीट काढलं. काळ्या रेक्झिनचं, पट्टा लावून पोटाशी बांधायचं. धुऊन धुऊनही त्याचा मासळीचा वास गेलेला नव्हता. पण पोटावर सोन्याचा कमरपट्टा होता, त्यावर पाकीट नीट बसेना. इंदुबाईनं क्षणभर विचार केला, कमरपट्टा सोडला आणि समिधाच्या हातात ठेवला.

“आई, अहो, लग्नात?”

“सोनं पूजेला घालीन. वाजव.”

बँड ऐन रंगात होता. समिधानं नंबर फिरवला. इंदुबाईनं दोन्ही हात पोटावर धरले आणि तिचा चेहरा उजळला.

“कललं!” ती मांडवातूनच ओरडली. “पोटात पोर हलावं तसं कललं!”

इंदुबाईची जाऊ सुगंधा हिरवा शालू सावरत आली ती थबकलीच. “वहिनी, लगीन हाय का मच्छीबाजार?”

“दोनी हायत,” इंदुबाई म्हणाली आणि पट्टा आवळला.

नवरदेव चंदन आला. त्याचे पाय धुतले, परात उचलली, पाकीट कोरडंच राहिलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. फोन गप्प होता. अक्षता पडल्या, हार पडले, बँडनं एकदम दणका दिला, आणि इंदुबाईच्या पोटाशी थरथर झाली.

तिनं पाकिटाची चेन ओढली आणि दुसरा हात उंच करून अशी गरजली की ढोल जागच्या जागी थांबला.

“आये,” पलीकडून वाऱ्यातून आवाज आला. “मशीन बंद पडलं होतं. वसईचा किल्ला दिसतोय. लगीन लागलं काय?”

“लागलं रं! पन कान हाय बाकी. ये तू!”

मग एकच धावपळ उडाली. “अल्पेशभाई, बाइक निकालो! जेटी पे! शिवा आया!” इंदुबाई ओरडली, तसा शेजारचा अल्पेश हातातलं सरबत टाकून पळाला. समिधा मोबाइल दोन्ही हातांत धरून नुसतं “हो, हो” म्हणत होती. गाल भिजले होते. विठूनं नव्या सदऱ्याच्या बाह्या मागे सारल्या होत्या, त्या खाली केल्या.

“भटजी,” इंदुबाई म्हणाली, “मंतर जरा सावकाश म्हना.”

भटजींनी सगळ्या पूर्वजांची नावं पुन्हा एकदा घेतली.

शिवा आला तो अनवाणी, गुडघ्यापर्यंत भिजलेला, अंगाला डिझेलचा नि मासळीचा वास. पाहुण्यांनी वाट दिली. कुणी नाकाला रुमाल लावला. तो सरळ बोहल्यावर चढला आणि चंदनचा कान धरून असा पिळला की नवरदेव “ओ ओ ओ!” करत उठून उभा राहिला. मांडव हसण्यानं दणाणला. बँडला वाजवायला सांगावंच लागलं नाही.

शिवानं कान सोडला. चंदनच्या लालभडक पाळीवर घोळ माशाचं एक मोठं खवल चिकटून राहिलं होतं, नखाएवढं, उन्हात चांदीसारखं.

समिधा रुमाल घेऊन पुढे झाली. अंबिकानं तिचा हात धरला.

“राहू दे, वहिनी,” ती म्हणाली. “फोटो काढायचा हाय.”