कामाची वाटणी

फिजीतल्या सुवा शहरातल्या एका कॉलेजात गटाचा प्रकल्प संपला की प्रत्येकाला एक कागद भरावा लागे: कोणी किती काम केलं, शंभरपैकी. वसितीने स्वतःपुढे ठसठशीत शंभर लिहिले आणि बाकी तिघांपुढे शून्य.

"अगं, एकानेही काही केलं नाही?" गाउंडर मॅडमनी विचारलं.

"एक ओळसुद्धा नाही, मॅडम! महिनाभर मी लायब्ररीत डोळे फोडतेय आणि हे बाहेर झाडाखाली चटई टाकून गाणी म्हणतायत. पुढच्या वेळी मला एकटीलाच करू द्या."

मॅडमनी उरलेले तीन कागद तिच्यापुढे सरकवले. तिघांनीही स्वतःला शून्य आणि वसितीला शंभर दिले होते.

वसिती ताठ मानेने बाहेर आली. झाडाखाली तिघे होतेच. तिला बघताच त्यांच्यातल्या आपेनिसाने गाणं थांबवून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बाई. दात येतायत ना त्याला, आत्ता कुठे डोळा लागलाय."

त्याच्या खांद्यावरून तिने आपलं आठ महिन्यांचं बाळ अलगद उचललं. मग मागे फिरली आणि मॅडमच्या दारातून कुजबुजली,

"मॅडम, माझा कागद जरा परत द्या ना."